लाकडी पूल, दगडी पूल आणि आपली फरशी

देवपूर कागदोपत्री धुळे शहरातच येतं. पण मधून पांझरा वाहते (वाहते म्हणजे पावसाळ्यात वाहते, एरवी आपण तिच्याकडे बघतही नाही :)). अलीकडे एकवीरा देवीचं मंदिर, कॉलेजं आणि आमच्या कॉलन्या. पलीकडे आग्रा रोड, बाजारपेठ, राजवाडे संशोधन मंडळ आणि जुनं धुळं. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही पलीकडे निघाली की "गावात जाऊन येतो" असंच म्हणतात. मोठा पूल आणि लहान पूल हे शब्द दिवसातून दहा वेळा तोंडात येतात, पण त्या पुलांचा विचार मात्र कधी मनात येत नाही.

तो यायला निमित्त झालं माझ्या भाच्याचं. तो पेनसिल्व्हेनियात असतो. मध्यंतरी त्याने काही फोटो पाठवले. ओढ्यावर लाकडी पूल, आणि पुलावर चक्क घरासारखं छप्पर! दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, वर उतरतं कौलारू घर असावं तसा आकार, सगळं लाल रंगवलेलं. लांबून बघितलं तर कुणीतरी गुरांचा गोठा उचलून नदीवर आडवा ठेवलाय असं वाटावं. फोटोखाली त्याचा प्रश्न होता, "मामा, आपल्याकडे असे पूल का नाहीत? सातपुड्यात सागवान तर भरपूर होतं ना?"

प्रश्न साधा वाटला, पण डोक्यातून जाईना. मग वाचायला लागलो. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर मांडतो.

आधी त्या छपराचं बघू. बर्फ पुलावर साचू नये म्हणून छप्पर, घोडे पाणी बघून बुजू नयेत म्हणून भिंती, अशी बरीच कारणं लोक सांगतात. बर्फाचं कारण तर अगदीच उलटं आहे. हिवाळ्यात तिकडे चाकांच्या गाड्या बंद आणि घसरगाड्या सुरू. त्या घसरायला बर्फ हवा. म्हणून छपराखालच्या कोरड्या पुलावर माणसं लावून मुद्दाम बर्फ पसरावा लागे!

खरं कारण आपल्या कुठल्याही सुताराला ठाऊक असतं. लाकूड नुसत्या पाण्याने मरत नाही, ते ओलं-सुकं, ओलं-सुकं होत राहिलं की मरतं. सांध्यात पाणी मुरलं की तिथून कुजायला सुरुवात होते. उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत कामातून जायचा. तोच झाकला तर शंभर वर्षं सहज. म्हणजे छप्पर असतं ते पुलाच्या हाडांसाठी. त्याखालून जाणाऱ्याला सावली मिळते ती फुकटात.

अमेरिकेतला पहिला मोठा झाकलेला पूल फिलाडेल्फियाला १८०५ मध्ये पुरा झाला. बांधणारा टिमोथी पामर. पूल कंपनीचे प्रमुख न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी आग्रह धरला, की एवढा खर्च केलाय तर वरून झाकूनही टाका. तिथून ही पद्धत पसरली. थिओडोर बर, इथिएल टाउन, विल्यम हाऊ अशा लोकांनी लाकडाच्या कैच्या रचायच्या आपापल्या तऱ्हा काढून त्यांची पेटंटं घेतली, आणि खेडोपाडीचे सुतार त्या बघून पूल उभारू लागले. एके काळी असे दहा हजारांहून जास्त पूल तिथे होते असा अंदाज आहे. आज हजारही उरलेले नाहीत. त्यातले सगळ्यात जास्त, दोनशेच्या आसपास, पेनसिल्व्हेनियातच आहेत. भाच्याला ते दिसले यात नवल नाही.

न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँट या दोन राज्यांच्या मधल्या कनेक्टिकट नदीवर १८६६ सालचा एक पूल आहे, कॉर्निश-विंडसर नावाचा. लांबी जवळपास ४५० फूट. तेव्हा खर्च आला होता नऊ हजार डॉलर. त्याच्या तोंडावर पाटी आहे, की घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दौडत्या टापांच्या तालाने पूल हादरतो म्हणून. आज त्यावरून मोटारी जातात, पाटी अजून आहे. आणि जगातला सगळ्यात लांब झाकलेला पूल कॅनडात हार्टलंड इथे आहे, १२८२ फूट. तो १९०१ मध्ये उघडाच बांधला, छप्पर घातलं १९२२ मध्ये.

तर आता भाच्याचा प्रश्न. आपल्याकडे का नाहीत?

आपल्या देशात लाकडी पूल होतेच. श्रीनगरला झेलमवर देवदाराचे ओंडके एकावर एक रचून खांब उभे करत आणि त्यावर पूल टाकत. झैना कदल, हब्बा कदल ही नावं आपण बातम्यांतही ऐकतो. कदल म्हणजे पूल. आपल्या कोकणात साकव आहेत. माडाचे नाहीतर पोफळीचे सोट वहाळावर आडवे टाकायचे, धरायला बांबू बांधायचा. पावसाने नेला तर गावाने मिळून पुन्हा घालायचा. साकव टिकावा अशी कुणाची अपेक्षाच नसते. तो परत घालता यावा एवढीच अपेक्षा असते, आणि मला त्यात मोठं शहाणपण दिसतं.

आणि पुण्याचा लकडी पूल तर सगळ्यांनाच माहीत आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्याच वर्षी नानासाहेब पेशव्यांच्या हुकमाने मुठेवर लाकडी पूल घातला गेला. हरून परतणाऱ्या सैन्याला भर गावातून, लोकांच्या नजरा झेलत यावं लागू नये म्हणून तो घाईने बांधला, असं सांगतात. स्वतः नानासाहेब त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर गेले. लाकडी पूल पुढे पुरात गेला, एकोणिसाव्या शतकात त्या जागी दगडी झाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्यावरून पाणी गेलं, तरी तो उभा राहिला. आता त्याचं नाव छत्रपती संभाजी पूल. पण पुणेकर अजून लकडी पूलच म्हणतात. लाकूड जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली, नाव तेवढं राहिलं. हैदराबादला तर 'लकडी का पूल' नावाचा अख्खा भाग आहे. शब्द लाकडापेक्षा चिवट असतात हेच खरं.

आता खानदेश. मला जे कळलं ते असं, की आपल्याकडे लाकूड नव्हतं किंवा कारागीर नव्हते हे कारण नव्हेच. सातपुड्याचं आणि डांगचं सागवान होतंच. जुन्या वाड्यांचे खांब, तुळया आणि दारांवरचं कोरीवकाम बघा. आपली धाब्याची घरं आठवा. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या खाऱ्या मातीचा जाड थर. दर वर्षी मृगाआधी धाब्यावर चढून ती माती नव्याने टाकायची, दाबायची, पाणी कुठे थांबतं ते बघायचं. नाही केलं तर आषाढात घरात पातेली मांडावी लागतात. म्हणजे लाकूड कोरडं ठेवलं तर पिढ्या काढतं, हे तत्त्व पेनसिल्व्हेनियाच्या सुताराला जेवढं माहीत होतं तेवढंच आपल्या आजोबांनाही होतं. फक्त त्यांनी ते घरासाठी वापरलं, नदीसाठी नाही.

नदीसाठी का नाही? कारण आपल्या नद्याच तशा. पांझरा, बुराई, बोरी, गिरणा यांना वर्षातले चार महिने पाणी, आठ महिने वाळू. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग बाजार, जत्रा, लग्नं, ती थेट आखाजीपर्यंत. सगळा व्यवहार कोरड्या दिवसांत. बैलगाडी नदीच्या पात्रातून सरळ पलीकडे जायची. पावसाळ्यात कुणी कुठे जातच नसे, शेतात कामं असत. मग चार महिन्यांसाठी एवढा खर्च कोण करणार? आणि केला तरी तो टिकणार कसा? आपला पूर शांतपणे चढत नाही. वर साक्री-पिंपळनेरकडे पाऊस झाला की इकडे ऊन असताना लोंढा येतो, आणि येताना मुळासकट झाडं घेऊन येतो. तापीची गोष्ट तर आणखी वेगळी. तिच्या दरडीच एवढ्या उंच, की पात्रात उतरणं हाच एक प्रवास. तिथे पावसाळ्यात नाव हाच उपाय.

याची किंमत कुणी मोजली? आमच्या आजीचं माहेर नदीपलीकडे होतं. अंतर फार नव्हतं, पण ती सांगायची, "नदीले पूर उना का माहेर बंद." एका पावसाळ्यात तिची आई गेली. निरोप पोचला तो पाणी उतरल्यावर, तिसऱ्या दिवशी. आजी हे रडून वगैरे सांगत नसे. नदीचा स्वभाव सांगावा तसं सांगायची. मला मात्र त्या फोटोतले पूल बघताना सारखं तेच आठवत होतं. सुंदर पूल बघून आपण "वा" म्हणतो, पण पूल हा मुळात कुणाला तरी वेळेवर पोचता यावं म्हणून असतो.

अर्थात आपल्या पूर्वजांनी नदीवर आडवं काहीच बांधलं नाही असं नाही. त्यांनी बंधारे बांधले. पांझरेवरची फड पद्धत तीनशे-चारशे वर्षं जुनी आहे. नदीला बंधारा घालून पाणी वळवायचं, पाटाने शिवारात न्यायचं, शिवाराचे फड पाडायचे आणि कुठल्या फडात कुठलं पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. पाट साफ करायचा दिवस आला की सगळ्यांनी यायचं. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात आला तेव्हाचं त्याचं वर्णन आहे. मळ्यांनी वेढलेलं एक लहान गाव, एका अंगाला पाट आणि दुसऱ्या अंगाला नदी. १८१९ मध्ये वस्ती किती, तर २५०९ माणसं आणि ४०१ घरं! आज एखाद्या कॉलनीत याहून जास्त लोक असतील. त्या गावाला नदी ओलांडण्यापेक्षा नदीचं पाणी शेतात नेण्याची गरज मोठी होती, आणि ते काम त्यांनी उत्तम केलं.

पूल आले ते गरज बदलली म्हणून. इंग्रजांना बारा महिने टपाल हवं होतं, फौजेची हालचाल हवी होती, आणि मुंबईला कापूस हवा होता. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे चाळीसगाव-भुसावळपर्यंत पोचली. (चाळीसगाव-धुळे फाटा मात्र १९०० साली झाला.) नदी पूर घेऊन आली म्हणून थांबायला आता कुणाला वेळ नव्हता. १८७२ मध्ये पांझरेला मोठा पूर आला, धुळ्यात घरादाराचं अतोनात नुकसान झालं. अशा नदीवर बांधायचं तर लाकूड नव्हे, दगड. आपल्या काळ्या पाषाणाला तोटा नव्हता.

त्या काळातली आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पुण्याच्या कॉलेजातून बाहेर पडलेला एक तरुण १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागला. सुरुवातीच्याच कामांत त्याला धुळ्याजवळ दातर्ती इथे पांझरेच्या पात्रातून पाइपचा सायफन टाकायचं काम मिळालं. म्हणजे पाण्याला नदीखालून पलीकडे न्यायचं, उलटा पूलच म्हणा ना! भर पावसाळ्यात पांझरेने त्याची चांगली परीक्षा घेतली, पण त्याने ते पुरं केलं. त्या तरुणाचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे ज्यांच्या नावाने १५ सप्टेंबरला इंजिनिअर दिन साजरा होतो, ते पहिले धडे आपल्या पांझरेकडून शिकले, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही.

असो. पुलांकडे येऊ. दगडी कमानीचं पुलाचं गणित झाकलेल्या पुलाच्या अगदी उलट. तिथे दगडाला वरून पावसाची भीती नाही. कमानीचे दगड एकमेकांना दाबून धरतात, वरून वजन आलं की आणखी घट्ट होतात. पाणी कापायला खांबांची तोंडं टोकदार असतात. धोका असतो तो खाली. पुराचं पाणी खांबाला वळसा घालताना पायाजवळची वाळू खरवडून काढतं. पाणी उतरलं की खड्डा पुन्हा वाळूने भरतो आणि वरून सगळं पहिल्यासारखं दिसतं. आणि त्यात आपण भर घालतो. गिरणा घ्या, तापी घ्या, पांझरा घ्या, वाळू किती उपसली गेली ते सगळे बघतोय. नदीचं पात्र खाली गेलं की पुलाचा जो पाया जमिनीत असायला हवा तो उघड्यावर येतो. झाकलेल्या पुलाचं छप्पर काढून न्यावं, तसंच हे. फक्त आपल्याकडचं छप्पर पुलाच्या पायाशी असतं, वाळूचं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं अंधारात थेट नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसं दगावली. त्यानंतर जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. तिथला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, म्हणजे मनात आणलं तर आपल्याला जमतं. मग १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चौघं गेले. तो धोकादायक आहे हे आधीच माहीत होतं.

आणि आपली फरशी? बाहेरच्यांसाठी सांगतो, फरशी म्हणजे नदी-नाल्यावरचा बुटका पूल. पूर आला की तो पाण्याखाली जाणार हे धरूनच बांधलेला. कल्पना वाईट नाही. स्वस्त, आणि पाणी वरून निघून जातं म्हणून टिकतो. पण फरशीसोबत एक माणूस लागतो, पाणी वर आलं की दोन्ही टोकांना थांबवणारा. तो बहुतेक ठिकाणी नसतो. मग "एवढंसं तर पाणी आहे" म्हणत कुणीतरी मोटरसायकल घालतो. दर पावसाळ्यात पेपरात अशी एक तरी बातमी असते, आपण वाचतो आणि पान उलटतो.

परदेशातले ते पूलही आपोआप टिकले नाहीत बरं का. स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नचा चौदाव्या शतकातला लाकडी पूल १८ ऑगस्ट १९९३ ला जळाला, आतली बरीचशी जुनी चित्रं गेली. पुढच्याच वर्षी तो पुन्हा उभा केला. आयोवातल्या मॅडिसन कौंटीत (कादंबरी आणि सिनेमावाली तीच) एकोणीसपैकी सहा पूल उरले. त्यातला सीडर पूल २००२ मध्ये कुणीतरी पेटवला. लोकांनी परत बांधला. २०१७ मध्ये पुन्हा पेटवला, २०१९ मध्ये पुन्हा बांधला! व्हरमाँटचा बार्टन्सव्हिल पूल २०११ च्या वादळी पुरात वाहून गेला, तोही तसाच परत उभा केला. चीनमध्ये फूजिआन प्रांतातला शेकडो वर्षांचा वानआन पूल २०२२ मध्ये जळाला. तिथले कमानी पूल बांधणारे सुतार आता मोजकेच आहेत. २००९ मध्ये युनेस्कोने ती विद्या तातडीने जपायला हवी अशा यादीत घातली. पुढे नवे शिकणारे तयार झाले, आणि २०२४ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली.

जळलेला पूल पुन्हा बांधला तर तो जुना म्हणायचा का, असा वाद घालता येतो. मला विचाराल तर म्हणायचा. आपलं धाबंही दर वर्षी नव्या मातीचंच असायचं, तरी घर आजोबांचंच होतं.

म्हणून भाच्याला मी लिहिलं ते एवढंच. बाळा, आपल्याकडे तसे पूल नाहीत कारण आपली नदी वेगळी, पाऊस वेगळा आणि गरजही वेगळी होती. त्याची हळहळ नको. पण तुझ्या फोटोतल्या पुलाच्या तोंडावर बांधल्याचं साल आणि किती वजन चालेल ते लिहिलंय, ते नीट बघ. आपल्या जुन्या पुलांवर, फरश्यांवर तेवढी एक पाटी हवी. कधी बांधला, शेवटचा कधी तपासला, पाणी कुठवर आलं की थांबायचं. पाटी लावायला सागवान लागत नाही, पाषाणही लागत नाही. फड चालवणाऱ्या माणसांच्या नातवंडांना एवढं जमायला हरकत नाही.

येत्या हिवाळ्यात पांझरेचं पाणी उतरलं की मोठ्या पुलाच्या खाली उतरून खांबांचे फोटो काढायचं ठरवलंय, प्रत्येक खांब, पायापासून. दर वर्षी त्याच जागेवरून काढले तर पात्र किती खाली गेलं ते कुणालाही दिसेल. नातेवाईक मंडळी, कुणाच्या जुन्या अल्बममध्ये पुलावरचे, पुराचे फोटो असतील तर मागे साल लिहून माझ्यासाठी बाजूला ठेवा. नंदुरबारचे काका, तुमच्याकडे नक्की असणार, मला माहीत आहे :)